'ऑफ माइस अँड मेन': नववीच्या पोरांना हे पुस्तक कसं शिकवावं?

रानजाई:
नमस्कार मंडळी. आमची लेक इथे सॅन होजेत नववीला आहे. तिच्या वर्गाला सध्या जॉन स्टाइनबेकची 'ऑफ माइस अँड मेन' लावली आहे. १९३७ची, जेमतेम शंभर पानांची कादंबरी. तिच्याबरोबर मीही वाचून काढली आणि आता माझंच डोकं भणभणलंय.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते (शेवट फुटणार आहे, नको असेल तर इथूनच मागे फिरा). जॉर्ज आणि लेनी हे कॅलिफोर्नियात या रँचवरून त्या रँचवर मजुरी करत फिरणारे दोन गडी. लेनी अंगाने दांडगा, बुद्धीने लहान मूल. मऊ काही दिसलं की कुरवाळायला जातो आणि आपल्या हातातली ताकद त्याला कळत नाही. दोघांचं स्वप्न एकच: दहा एकर जमीन, छोटं घर, कोंबड्या, ससे. गोष्ट गुरुवारी संध्याकाळी सुरू होते, रविवारी संध्याकाळी संपते. तेवढ्यात मालकाच्या सुनेची मान लेनीच्या हातून मोडते आणि जमाव त्याच्यापर्यंत पोचायच्या आत जॉर्ज स्वतःच त्याला मागून गोळी घालतो.

निबंधाला विषय आलाय: "जॉर्जने केलं ते योग्य की अयोग्य?" लेकीने दयामरणाच्या बाजूने चार मुद्दे, विरुद्ध दोन मुद्दे असा आराखडा चहा होईपर्यंत उरकला. मी म्हटलं, अगं, बाकीच्या माणसांचं काय? तर म्हणे, "आई, प्रश्नात ते विचारलेलंच नाहीये."

मला वाटतं हा प्रश्नच पुस्तकावर अन्याय करतो. शेवटची तीन पानं उचलायची आणि पोरांना न्यायाधीश करून बसवायचं. तुमच्यापैकी कोणी हे पुस्तक शिकलंय, शिकवलंय? तुम्ही कुठून सुरुवात कराल?

टवाळ:
आमच्या वेळी "लेखकास काय सांगावयाचे आहे ते थोडक्यात लिहा" एवढंच असायचं. लेखकाला काय सांगायचंय ते गाइडवाल्याला ठाऊक असायचं. सगळे सुखी होते.
जागा धरून ठेवतोय. पॉपकॉर्न आणायला गेलो.

निवृत्त_मास्तर:
रानजाई ताई, विषय छान काढलात. एमएच्या मुलांना अमेरिकन साहित्याचा पेपर बरीच वर्षं शिकवला, त्यात हे पुस्तक असायचं. मी सुरुवात कुत्र्यापासून करत असे.

तिसऱ्या प्रकरणात कँडी नावाचा म्हातारा झाडूवाला आहे. यंत्रात उजवा हात गेलेला. त्याचं कुत्रं त्याच्यासारखंच म्हातारं, आंधळं, वास मारणारं. कार्लसन नावाचा गडी मागे लागतो की याला गोळी घाल, स्लिम या दुसऱ्या गड्याच्या कुत्रीला पिल्लं झालीत, त्यातलं एक घे. कँडी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघतो. कोणी त्याची बाजू घेत नाही. शेवटी कार्लसन कुत्र्याला बाहेर घेऊन जातो. आता खोलीत काय होतं बघा. कोणी पत्ते काढतो, कोणी मासिकातलं पत्र वाचून दाखवतो, जमिनीखाली उंदीर कुरतडल्याचा आवाज येतो, त्याच्यावरही बोलून होतं. सगळे बंदुकीच्या आवाजाची वाट बघतायत आणि कोणीही तसं म्हणत नाही. बार होतो तेव्हा कँडी भिंतीकडे तोंड करून पडलेला.

नंतर तो जॉर्जला म्हणतो की कुत्र्याला मीच मारायला हवं होतं, परक्याच्या हाती द्यायला नको होतं. शेवटी जॉर्जच्या हातात असतं ते पिस्तूलही कार्लसनचंच, तेच ल्यूगर. आता निबंधाचा प्रश्न परत वाचा. जॉर्ज योग्य की अयोग्य हे ठरवण्याआधी मुलांनी विचारायला हवं की या रँचवर निरुपयोगी झालेल्या जिवाचं काय करतात, आणि ते ठरवतं कोण.

अबोली:
मास्तर, इथेच माझं घोडं अडतं. कुत्रं आणि लेनी शेजारी ठेवले की वाचक आपोआप "सुटला बिचारा" म्हणायला तयार होतो. मी पुण्यात विशेष मुलांबरोबर काम करते. पहिल्याच प्रकरणात लेनी अस्वलासारखा पाय ओढत चालतो, घोड्यासारखं पाणी पितो. माणूस म्हणून तो आधीच एक पायरी खाली उतरवलेला आहे. मग त्याच्या हातून उंदीर मरतो, मग कुत्र्याचं पिल्लू, मग बाई. फासे लेखकाने आधीच भरून ठेवलेत आणि मुलांना विचारायचं, बोला, दुसरा काही मार्ग होता का?

आणि मार्ग होता. स्टाइनबेकने १९३७ मध्येच एका मुलाखतीत सांगितलं होतं की लेनी खराखुरा माणूस होता, त्याच्याबरोबर त्यांनी काम केलं होतं. त्याने एका फोरमनला मारलं, बाईला नाही. आणि मुलाखतीच्या वेळी तो मनोरुग्णालयात जिवंत होता! खऱ्या लेनीला कोणी नदीकाठी गोळी घातली नाही. कादंबरीतल्या लेनीला मरावं लागलं ते लेखकाला शेवट हवा होता म्हणून.

निवृत्त_मास्तर:
अबोली, मुलाखतीचा मुद्दा बिनतोड. पण पर्याय पुस्तकातही आलाय. जॉर्ज स्लिमला विचारतो, याला पकडून कोंडून ठेवतील ना? स्लिम म्हणतो, बांधून पिंजऱ्यात घालतील, ते काही बरं नाही. १९३०च्या दशकातल्या त्या संस्था कशा होत्या ते पाहिलं तर स्लिम खोटं बोलत नाहीये.

अबोली:
खोटं बोलत नाहीये, मान्य. पण लेनीला कोणी विचारलं?

काळाकोट:
हा धागा माझ्यासाठीच निघालाय. मी टेक्सासात वकिली करतो (फौजदारी नाही, घरांचे कागद बघतो, पण ही केस इथल्या प्रत्येक वकिलाला माहीत आहे).

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अॅटकिन्स खटल्यात ठरवलं की बौद्धिक अक्षमता असलेल्याला फाशी देता येणार नाही. पण अक्षमता कशी ठरवायची हे राज्यांवर सोडलं. टेक्सासच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने २००४ मध्ये ब्रिसेनो खटल्यात काय लिहावं? की स्टाइनबेकच्या लेनीला सूट मिळावी हे टेक्सासच्या बहुतेक नागरिकांना पटेल. आणि पुढे स्वतःच्या मनाने काही निकष घालून दिले: आरोपी बेत आखू शकतो का, खोटं बोलू शकतो का, वगैरे. डॉक्टरांचे निकष बाजूलाच राहिले. लोक त्याला 'लेनी कसोटी' म्हणायला लागले.

२०१२ मध्ये मार्विन विल्सन नावाच्या कैद्याला मृत्युदंड दिला गेला तेव्हा स्टाइनबेकचे चिरंजीव थॉमस यांनी जाहीर निषेध केला होता, माझ्या वडिलांचं पात्र यासाठी वापरलेलं त्यांना कधीच आवडलं नसतं म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने हे निकष मोडीत काढले ते २०१७ मध्ये, मूर खटल्यात.

म्हणजे अबोली ताई म्हणतायत ते नुसतं साहित्याचं भांडण नाही. कादंबरीतल्या एका पात्रावरून खरी माणसं मोजली गेली.

टवाळ:
बाप रे. पॉपकॉर्न परत ठेवले.

लंडनकर_नीता:
मी इथे माध्यमिक शाळेत साहाय्यक शिक्षिका होते. इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं जीसीएसईला (म्हणजे आपल्या दहावीसारख्या परीक्षेला) हेच पुस्तक. बारीक, सोपी वाक्यं, शुद्धलेखनात कच्चा मुलगाही शेवटपर्यंत जातो, म्हणून शिक्षकांचं लाडकं. २०१४ मध्ये अभ्यासक्रम बदलला, आधुनिक साहित्य ब्रिटिश बेटांवरचंच हवं असं आलं आणि २०१५ पासून हे मुख्य यादीतून गेलं. शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांच्या नावाने शिमगा झाला. ते म्हणाले, मी बंदी घातलेली नाही. बंदी नाही, पण परीक्षेत नाही म्हटल्यावर कोण शिकवतंय!

खरं सांगू? मला फारसं वाईट वाटलं नाही. मुलं अवतरणं पाठ करायची. "कर्लीची बायको: लाल रंग = धोका." झालं. (कर्ली म्हणजे मालकाचा मुलगा.) त्या बाईला अख्ख्या पुस्तकात नाव नाही हेही ठरलेल्या दोन ओळींत: "नाव नाही कारण ती नवऱ्याची मालमत्ता." पूर्ण गुण. पण ती पाचव्या प्रकरणात लेनीला काय सांगते ते कोणाला आठवत नसे. कोणीतरी सिनेमात घेतो म्हणून पत्र पाठवणार होता, ते आलंच नाही, आईने चोरलं असणार असं तिला वाटतं. म्हणून ती घर सोडते आणि त्याच रात्री भेटलेल्या कर्लीशी लग्न करते. या कादंबरीवरच्या नाटकात ही भूमिका करणाऱ्या नटीला स्टाइनबेकने पत्र लिहून समजावलं होतं की ही बाई वाईट नाही. म्हणजे कादंबरीत ते पुरेसं पोचलं नव्हतं असं त्यालाही वाटलं असणार.

रानजाई:
नीता, लेकीच्या वहीत अगदी तेच सापडलं. "लाल = धोका." समुद्राच्या दोन्ही बाजूंना एकच गाइड दिसतंय.

आणि ते 'न'वरून सुरू होणारं शिवीवाचक संबोधन पुस्तकात किती वेळा येतं! वर्गात मोठ्याने वाचताना शिक्षिका तो शब्द गाळतात. तुमच्याकडे?

लंडनकर_नीता:
गाळायचो. पण वर्गात एकच काळा मुलगा असला की गाळलेल्या जागेतही सगळ्यांचे डोळे त्याच्याकडेच वळतात. त्याचा इलाज माझ्याकडे नव्हता. क्रुक्सचं, म्हणजे रँचवरच्या काळ्या तबेलेवाल्याचं, प्रकरण मात्र गाळू नये. तबेल्याला लागून त्याची खोगिरांची खोली, चष्मा, पुस्तकं, त्यात १९०५च्या कॅलिफोर्नियाच्या दिवाणी कायद्याची प्रत. कँडी इतकी वर्षं रँचवर असून त्या खोलीत पहिल्यांदाच पाऊल टाकतो आणि म्हणतो, स्वतःची खोली असणं किती छान. क्रुक्स म्हणतो, हो ना, आणि खिडकीखाली शेणाचा ढीग.

कायद्याचं पुस्तक जवळ बाळगणारा माणूस. दोन पानांनी कर्लीची बायको त्याला झाडाला टांगायची धमकी देते आणि तो भिंतीला चिकटून "येस मॅम" म्हणतो. त्या कायद्याचा उपयोग किती, हे शिकवायला आणखी काही लागत नाही.

पाटील_राहुरीकर:
एवढी सगळी चर्चा झाली, पण पैशाचं कोणी बोललंच नाही. मी शेतकरी माणूस, पुस्तक मुलाने आणून दिलं म्हणून वाचलं. मला तर हे हिशेबाचं पुस्तक वाटलं.

पगार महिन्याला ५० डॉलर. जमिनीची किंमत ६००. कँडीकडे ३००, त्यातले २५० हात तुटल्याची भरपाई, म्हणजे एका हाताची किंमत पाच महिन्यांचा पगार! महिनाअखेर त्याचे आणखी ५०, या दोघांचे मिळून १००. झाले ४५०. जॉर्ज म्हणतो एवढ्यावर जमून जाईल, शंभर डॉलर बयाणा पाठवून देऊ. शनिवारी गडी गावात बायकांकडे जातात, तिथे अडीच डॉलर लागतात, जॉर्ज म्हणतो मी एखादा पेग घेईन पण अडीच घालवणार नाही. असा जपून चाललेला माणूस.

आता लेनी गेला. त्याचे ५० वजा. तरी ४०० राहतात की! कँडीची रक्कम बँकेत तशीच आहे. विकणारे म्हातारा-म्हातारी अडलेले आहेत, बाईचं ऑपरेशन आहे. मग जॉर्ज आणि कँडी का घेत नाहीत ती जमीन?

आमच्याकडच्या ऊसतोड टोळ्यांमध्येही असाच उचलीचा हिशेब...

सदू:
पाटील, थांबा, नाहीतर धागा थेट साखर कारखान्यावर जाईल. ऊसतोडीला नवराबायकोची जोडी असते, लेकरं बरोबर. इथे मुद्दा नेमका उलटा आहे. एकेकटे गडी, पाठीवर वळकटी, कोणी कोणाचा नाही. नवे दोघे एकत्र फिरतायत म्हटल्यावर मालकालाच संशय येतो, तू याचा पगार तर लाटत नाहीस ना?

पण हिशेब भारी मांडलात. हे मला सुचलं नव्हतं.

मुकुंद_बेएरिया:
सदूला अनुमोदन, आणि थोडी भर. इथल्या बऱ्याच वर्गांत या पुस्तकाआधी 'डस्ट बोल'चे (१९३०च्या दशकातल्या दुष्काळाचे आणि धुळीच्या वादळांचे) फोटो दाखवतात, ओक्लाहोमाहून मोटारीवर गाद्या बांधून आलेली कुटुंबं. ती स्टाइनबेकच्याच १९३९च्या 'ग्रेप्स ऑफ रॉथ' कादंबरीतली माणसं. जॉर्ज-लेनी त्यांच्या आधीचे, सडेफटिंग, मजूर पुरवणाऱ्या एजन्सीची चिठ्ठी घेऊन हिंडणारे. स्टाइनबेक तरुणपणी स्वतः असं काम करून आला होता. पुस्तक छापलं तोवर धान्याच्या शेतावर यंत्रं येऊन हे गडी ओसरायला लागले होते. तेव्हाच्या जागतिक मंदीवर पुस्तकात कोणी चार वाक्यंही बोलत नाही. शिक्षकच ती बाहेरून आणून चिकटवतात.

आणखी एक. कथा घडते त्या सॅलिनास खोऱ्यात तेव्हा मेक्सिकन आणि फिलिपिनो मजूर भरपूर होते. १९३६ मध्ये तिथेच लेट्यूस कामगारांचा मोठा संप झाला. पुस्तकात यातलं काही नाही. १९३५च्या कामगार कायद्याने संघटनेचा हक्क दिला त्यातून शेतमजूर वगळले होते. कॅलिफोर्नियात तो मिळायला १९७५ उजाडलं.

रानजाई, तुम्ही तर तासाभराच्या अंतरावर आहात. १०१ हायवेने सोलेदादपर्यंत लेकीला घेऊन जा. दोन्ही बाजूंना लेट्यूस, ब्रोकोली, मध्ये वाकलेली माणसं, बांधावर ट्रेलरवर चढवलेले फिरते संडास. आखूड दांड्याची खुरपणी तिथे १९७५ पर्यंत चालू होती, दिवसभर कमरेत दुमडून राहायला लागायचं. लांब दांड्याची दिली तर काम करतोय की उभा आहे हे मुकादमाला लांबून कळत नाही ना! शेवटी त्या अवजारावर बंदीच आली. क्रुक्सची मोडलेली पाठ पुस्तकात घोड्याच्या लाथेने मोडलीय, पण रानात पाठ मोडायला घोडा लागतच नाही.

टवाळ:
जाता जाता, या पुस्तकाचं अर्धं हस्तलिखित १९३६ मध्ये स्टाइनबेकच्या टोबी नावाच्या कुत्र्याने फाडलं होतं. "सर, गृहपाठ कुत्र्याने खाल्ला" हे ज्याच्या बाबतीत खरं ठरलं असा लेखक. लेखकाचं म्हणणं, पोराने बहुतेक समीक्षा केली असावी. आणि मग त्याच पुस्तकात कुत्र्याला गोळी. सूड म्हणतात तो हाच. हलकेच घ्या.

काळाकोट:
टवाळ्या, तुला एक दिवस कोर्टात खेचतो.

पाटीलसाहेब, तुमच्या ४०० डॉलरवर उत्तर: जॉर्जला ते कधी खरं वाटलंच नव्हतं. कँडी विचारतो, आपण दोघं घेऊ ना? जॉर्ज म्हणतो, मला पहिल्यापासून माहीत होतं, पण लेनीला ऐकायला इतकं आवडायचं की मलाही वाटायला लागलं.

पाटील_राहुरीकर:
ते वाचलं मी. पटलं नाही. तो तसं म्हणतो कारण समोर प्रेत पडलंय. दोन दिवसांपूर्वी हाच माणूस बयाणा पाठवायला निघाला होता. पैसा पुरला असता, जमीनही होती. त्याच्यातली इच्छा गेली. महिना भरीन, ५० डॉलर घेईन, बायकांकडे जाऊन बसेन म्हणतो. म्हणजे तो पुन्हा इतर गड्यांसारखा झाला. गरिबीने स्वप्न मोडलं हे सगळे म्हणतात, मी म्हणतो हिशेब तसं सांगत नाही.

मुकुंद_बेएरिया:
क्रुक्स काय म्हणतो विसरलात? डोक्यात जमिनीचा तुकडा घेऊन आलेली शेकडो माणसं पाहिली, एकालाही मिळाला नाही. शेकड्यांत एकही नाही म्हणजे इच्छेचा प्रश्न नाही, पाटील. कँडीच्या ३००पैकी २५० मजुरीतून नाही, तुटलेल्या हातातून आलेत. हात न गमावता नुसत्या मजुरीवर ६०० कसे जमवणार ते दाखवा.

पाटील_राहुरीकर:
हा मुद्दा बरोबर आहे. मजुरीतून जमले नसतेच. पण जमल्यानंतरही घेतली नाही, हेही खरंच ना?

अबोली:
पाटीलकाका, तुमच्यामुळे मला लेनी वेगळा दिसायला लागला. इतका वेळ मी म्हणत होते की लेनी म्हणजे जॉर्जच्या गळ्यातलं लोढणं असं दाखवलंय. पण ते स्वप्न चालू होतं ते लेनीमुळे. तो "सांग ना, सशांचं सांग ना" करत राहिला म्हणून जॉर्जला ते सांगावं लागलं, म्हणून कँडीच्या कानावर पडलं, म्हणून पैसे आले. पुस्तकातला निरुपयोगी माणूस एकटा काहीतरी उभं करत होता. पुस्तकावरचा माझा राग मात्र आहे तसाच आहे.

निवृत्त_मास्तर:
अबोली, हे परीक्षेत लिहिलं असतंस तर मी गुण देऊन वर चहाही पाजला असता.

कँडीचं मात्र पुढे काय? शेवटच्या प्रकरणात तो नाही. सगळे बंदुका घेऊन निघतात, त्याला बाईच्या प्रेताजवळ बसायला सांगतात. त्याला आधीच भीती होती की लवकरच कामावरून काढतील. पैसे आहेत, कोणी सोबत नाही, हात एक. शंभर पानांत इतका मोठा प्रश्न उघडा ठेवून स्टाइनबेक निघून गेला.

रानजाई:
सगळ्यांचे आभार. काल रात्री लेकीला धागा वाचून दाखवला (टवाळ यांचे प्रतिसाद तिला सर्वात आवडले, असो). ४०० डॉलरवर ती अडली. पुस्तक उघडून स्वतः बेरीज केली, तीनदा. मग विचारलं, "मग कँडीला का नाही कोणी विचारत, जॉर्ज योग्य की अयोग्य?"

आता निबंध असा चाललाय: जॉर्जने लेनीच्या बाबतीत काय केलं हे सगळे विचारतात, कँडीच्या बाबतीत काय केलं हे कोणी विचारत नाही, मी ते विचारते. शिक्षिकांना ईमेल केला की विषय थोडा वाकवला तर चालेल का. उत्तर आलं: चालेल, पण गोळीबाराचा एक परिच्छेद हवाच, गुणदानाच्या तक्त्यात तो आहे. घातला. त्यात अबोलीचा खऱ्या लेनीचा मुद्दा घेतलाय.

माझं मत अजून तेच. प्रश्न वाईटच आहे. पोरगी त्याला वळसा घालून गेली.

काळाकोट:
शाब्बास. टेक्सासचा परिच्छेद घातला का?

रानजाई:
नाही, शब्दमर्यादा. आणि ती म्हणाली, ते वाचून शिक्षिकांना रडू येईल.

कोकणी_मेवा:
आत्ताच धागा पाहिला. पुस्तक वाचलेलं नाही, शेवट कळलाच आहे. १९३९चा सिनेमा बघू की १९९२चा, गॅरी सिनीज आणि जॉन माल्कोविचचा?

टवाळ:
पुस्तक वाच की. शंभर पानं आहेत, एवढा तर हा धागाच झाला.